वरात पारोळ्याला थांबली नाही

माझी वरात विमानातून निघाली होती, असं सांगितलं की समोरची बाई डोळे मोठे करते आणि म्हणते, "भाग्याची गं बाई!" डोंबलाचं भाग्य! त्या विमानाच्या नावाने मी आजही बोटं मोडते. जळगाव ते धुळे, अंतर ते केवढं? एसटीत बसलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, की धुळं आलंच. एवढ्याशा वाटेसाठी माझ्या सासऱ्यांनी मुंबईहून भाड्याचं विमान मागवलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. धुळ्याला त्यांची जिनिंग होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कापसाला बरे दिवस होते आणि नानांच्या हौसेला तर त्याहून बरे. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने मुलाची वरात हत्तीवरून काढली होती, ते नानांच्या फार मनाला लागलं होतं. हत्तीच्या वर काय, तर विमान. माणूस मनाने वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

माझा जीव अडकला होता पारोळ्यात. तिथे माझे आबा होते, आईचे वडील. लग्नाच्या महिनाभर आधी मळ्यातल्या विहिरीवर पाय घसरला आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. लग्नाला येणं शक्यच नव्हतं. त्यांचं घर हमरस्त्याला लागूनच. आमच्या आईकडची रीत अशी, की पोर सासरी निघाली की वाटेत आजोळच्या दारात थांबते आणि आजोबा तिच्या पदरात मूठभर दादर घालतात. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. ती पदरात पडल्याशिवाय पोरीला खरा निरोप मिळाला असं कुणी मानत नाही. माझ्या आईला तशीच पाठवली, मावशीला तशीच. म्हणून तर बोलणी झाली तेव्हाच आईने पदर सावरून विषय काढला होता, की वरातीची गाडी पारोळ्याला पाच मिनिटं थांबवा. आणि नाना म्हणाले होते, "पाच काय, दहा मिनिटं थांबू. चहा घेऊ."

मग हळदीच्या दिवशी विमानाची बातमी आली. मांडवात एकच गलका. आई तेवढी म्हणाली, "अन् मग पारोळ्याचं?"

नाना हसले. "विहीणबाई, विमानाला काय घंटी मारून थांबवता येतं?"

सगळा मांडव हसला. माझे वडीलसुद्धा हसले. मुलीचा बाप ना, व्याही हसला की हसायचं! मी हळदीने पिवळी होऊन पाटावर बसले होते. उठून काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. पण नवरीने बोलायचं नसतं. हळदीच्या हाताने नुसती चरफडत बसले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणी झाली. रडून रडून माझे डोळे सुजले होते. वऱ्हाडाची बस सासूबाईंना आणि बाकीच्या बायामाणसांना घेऊन रस्त्याने निघून गेली. सासूबाईंनी विमानात बसायला साफ नकार दिला होता. एकूण त्या घरात शहाणं माणूस तेवढं एकच. माझी धाकटी बहीण पाठराखीण म्हणून माझ्यासोबत यायची, पण विमानात जागा नाही म्हणून तिलाही बसमध्ये कोंबलं. पाठराखणीला जागा नाही, फोटोवाल्याला मात्र आहे!

आम्ही गावाबाहेरच्या धावपट्टीवर गेलो. मी, आमचे हे, नाना, ह्यांचे मामा आणि तो फोटोवाला. माझे आईवडील पोचवायला आले होते. आणि विमान? विमानाचा पत्ताच नाही. पट्टीवर एक शिपाई होता. तो म्हणाला, मुंबईहून निघायला उशीर झालाय, येईल. कधी येईल? येईल. त्याला दुसरा शब्दच माहीत नव्हता.

चैत्रातलं ऊन, अंगावर शालू, डोक्यावर बाशिंगाचं ओझं. सावलीला एक बाभूळ, तीही अर्धी वाळलेली. आमचं घर तिथून हाकेवर म्हणावं इतकं जवळ, पण जाता येत नव्हतं. का? तर पाठवणी झालेली पोर सासर बघितल्याशिवाय माहेरचा उंबरा ओलांडत नाही, अपशकुन होतो. वडील दोनदा म्हणाले, "व्याही, पोर उन्हात करपतेय." नाना म्हणाले, "रीत मोडायची का मग?" वा रे वा! पारोळ्याची रीत मोडताना ह्यांना घंटी आठवली आणि इथे मात्र रीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

तासभर गेला, मग आणखी गेला. एव्हाना वऱ्हाडाची बस पारोळा ओलांडून पुढे गेली असेल. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. आबा खाट दाराशी ओढायला लावून रस्त्याकडे बघत बसलेत, येणाऱ्या प्रत्येक गाडीला मान उंच करताहेत. शेवटी मी लाज सोडली आणि ह्यांना म्हटलं, "अहो, गाडी उभी आहे ना? गाडीने जाऊ या. पारोळ्याला थांबू, आबांना भेटू आणि दिवेलागणीच्या आत धुळ्यात. नानांना सांगा ना."

हे म्हणाले, "बघतो."

काय बघतो? समोर बाप उभा आहे, जाऊन बोला! पण आमच्या ह्यांचा बघतो म्हणजे बघतच राहणं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मग मीच उठले आणि नानांपाशी गेले. नवी सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलते म्हणताच मामांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "नाना, आबा वाट बघत असतील."

नाना चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चिडले असते. ते लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "पोरी, धुळ्याला पट्टीवर बँड उभा आहे. निम्मं गाव जमलंय. तुला मी मोटारीतून उतरवू? लोक काय म्हणतील?"

लोक! ह्या लोकांपायी माझा म्हातारा आजा रस्त्याला डोळे लावून बसला होता. मी परत बाभळीखाली येऊन बसले. आईने माठातलं पाणी दिलं. तिला विचारलं, "आबांना विमानाचं कळवलंस का?" ती म्हणाली, "बसमधून मावशी गेलीय ना, ती उतरून सांगेल." आणि डोळ्याला पदर लावला.

ऊन कलल्यावर ते विमान आलं. एवढंसं! नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, इथे वरातीपेक्षा वाहन लहान निघालं. वाकून आत शिरताना बाशिंग दाराला अडकलं आणि वाकडं झालं. नाना डाव्या खिडकीशी बसले आणि मला उजव्या बाजूला बसवलं. मी ह्यांच्या कानात म्हटलं, "पारोळा कुठल्या बाजूला येईल, तेवढं तरी विचारा." हे म्हणाले, "विचारतो." आणि पट्टा आवळत बसले.

विमान उडालं. कान बंद झाले. नीट श्वास घेते न घेते तोच पायलटने मागे वळून डावीकडे बोट केलं आणि ओरडून सांगितलं, "पारोळा! किल्ला दिसतोय बघा!"

मी तशीच उठले. डाव्या खिडकीकडे झेपावले. पण खिडकीत नाना, आणि नानांपुढे तो मेला फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. खिडकीतून किल्ला बघणारे नाना, असा फोटो त्याला हवा होता. मी त्याच्या खांद्यावरून वाकायला गेले तर पायलट ओरडला, "बसा! उठायचं नाही!" मामांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "बस माय, पडशील." मला दिसली ती फोटोवाल्याची पाठ. घामाने भिजलेला सदरा. पारोळा म्हणून मी तेवढंच बघितलं.

डोळे पुसेपर्यंत धुळं आलं. आणि तिथे काय? बँड नाही, गाव नाही. वाट बघून बघून बँडवाले दुसऱ्या लग्नाच्या सुपारीला निघून गेले होते, लोक पांगले होते. पट्टीच्या कडेला चार शेळ्या चरत होत्या. नानांचा चेहरा असा उतरला की दुसरी वेळ असती तर मला कीव आली असती. त्या दिवशी नाही आली. घरी पोचलो तर वऱ्हाड जेवून, पानं खाऊन, आडवं झालेलं.

मावशीला मी कोपऱ्यात गाठलं. ती म्हणाली, "उतरले होते गं. आबांना सांगितलं, ती विमानातून जाणार, थांबता येणार नाही. मुठीतली दादर तशीच मुठीत धरून बसले होते."

त्यानंतर मी रोज पारोळ्याचा विषय काढायची. आज ह्यांना वेळ नाही, उद्या गाडी नाही, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय नव्या सुनेने वाटेत कुणाकडे उतरायचं नाही. पारोळा धुळ्याहून कितीसं दूर? पण मला ते काशीइतकं लांब झालं. जेवणावर वासना नव्हती. खाटेवरचं म्हातारं माणूस, त्याचा काय भरवसा?

शेवटी आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आखाजीला खानदेशात सासुरवाशिणीला कुणी अडवत नाही. भाऊ न्यायला आला. एसटीत बसल्या बसल्या मी त्याला बजावलं, "पारोळ्याला उतरायचं. नाही म्हणालास तर एकटी उतरेन." तो बिचारा कशाला नाही म्हणतोय?

आबा दाराशीच होते, खाटेवर. शेजारचे एक म्हातारे सोबतीला बसले होते. मी पाया पडले आणि मोठ्याने रडले. लग्नात रडले नव्हते तेवढी रडले. आबांनी उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली आणि दादर माझ्या पदरात घातली. महिनाभर उशाशी ठेवलेली.

"तुनं इमान देखं मी," ते म्हणाले. "बठ्ठी गल्ली देखाले उनी. माले खाटसगट रस्तावर लयी गयात."

सगळ्या गल्लीने मिळून आबांना खाटेसकट रस्त्यावर नेलं होतं, माझं विमान बघायला! मग जरा लाजल्यासारखं करत, हात हलवून दाखवत त्यांनी विचारलं, "मी हात करा. तूबी करा का?"

माझ्या डोळ्यांपुढे तो घामाने भिजलेला सदरा आला. मी पदरातली दादर घट्ट धरली.

"केला ना आबा," मी म्हटलं. "तुम्ही दिसलात मला. दोन्ही हात केले मी."

आबांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडे मान वळवली. "ऐकं का? तू म्हने, ती कसाले देखी. तिनी दोन्ही हात करा."