उन्हाचं बोलायचं राहिलं

पेणला माझ्या घरामागे छोटी बाग आहे. जागा मी घासाघीस करून मिळवली, माती रोह्याजवळच्या आमच्या गावाहून आणली. पावसाळ्यात तिथे पडवळ आणि शिराळी चढतात, उन्हाळ्यात मोगरा असतो. पण माझी खरी बाग दिवाळीनंतरची. भात कापून झालं की वडील शेतात वाल पेरायचे. ते शेत कंपनीत गेलं. त्या वालाचं बियाणं तेवढं माझ्याकडे उरलं, राखेत घोळवून डब्यात ठेवलेलं. त्याला कीड लवकर लागते, म्हणून दर वर्षी पेरून नवं करावं लागतं. एक वर्ष चुकलं की संपलं.

दक्षिणेकडचा शेजारी गणपती बनवतो. मूळचा हमरापूरचा. मूर्ती ठेवायला जागा पुरेना म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याने घरावर मजला चढवायला काढला. मी सोडतो काय? भर दुपारी अंगणात उभा राहून एकेक गोष्ट कबूल करून घेतली. पागोळ्या माझ्याकडे पडता कामा नयेत, माझ्या बाजूला खिडकी नको, सिमेंटचं पाणी मोगऱ्यात जायला नको. तो सगळ्याला हो म्हणाला. मी जिंकून घरात आलो. तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला कलला आणि त्या मजल्याची सावली माझ्या वाफ्यावर येऊन बसली. वाल वीतभर वाढून पिवळे पडले. दुकानात माझं लक्ष लागेना. पाइप मोजता मोजता उठायचो, घरी येऊन सावली किती सरकली ते बघायचो, परत जायचो. बायको म्हणाली, "आता सूर्याशी घासाघीस करणार काय?"

शेवटी शेजाऱ्याच्या दारात जाऊन आवाज चढवला. तो मूर्तीच्या सोंडेवरून पॉलिश पेपर फिरवत होता. हात न थांबवता म्हणाला, "दादा, पागोळ्यांचं बोललात, खिडकीचं बोललात. उन्हाचं कुठं बोललात?"

त्याला माझ्या बागेतले वाल दर हिवाळ्यात दिसत होते. त्याने सांगायला हवं होतं. हे मी आजही म्हणतो.

"गच्चीवर लावा," तो पुढे म्हणाला. "सगळं ऊन तिथंच हाय."

माझंच ऊन मला दान देतो म्हणून मी तणतणत निघून आलो. डब्यात मूठभर बियाणं मागे ठेवलं होतं. सगळं एकदम पेरायची मला सवय नाही. दोन दिवसांनी डबा रिकामा दिसला. बायकोने दोन फुटक्या बादल्यांत माती भरून, मला न विचारता, ते त्याच्या गच्चीवर पेरलं होतं.

मग रोज सकाळी किल्ली मागायची, जिना चढायचा, न रंगवलेल्या मूर्तींमधून वाट काढत पाणी घालायचं. खालून हाक यायची, "दादा, टाकी भरली काय बघा." मी बघायचो. शेंगा लागल्या, वाळल्या. वाटा ठरवायला गेलो तर तो म्हणाला, "मला काय नको." निम्मे मागितले असते तर मी भांडून पाव भागावर आणलं असतं आणि हिशेब मिटला असता.

आता चैत्र आहे. बियाणं राखेत घोळवून डब्यात भरलंय. वाफ्यावर सकाळपासून कडक ऊन आहे, वालाला त्याचा काही उपयोग नाही. दिवाळीनंतर पुन्हा किल्ली मागायला जावं लागेल.