मंगळवारचा ळ

गल्लीत त्यांना सोमवारकाका म्हणत. धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा, पण नाव पडलं ते संकल्पांवरून. पहाटे उठणं, पोट कमी करणं, बासरी शिकणं, सगळं ‘येत्या सोमवारपासून’. बासरीत आता कोळ्याने संसार थाटला होता आणि पोटाची प्रगती जोरात होती.

मध्यंतरी शिडीवरून पडून काकांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, “हाताला काम द्या. रोज, आणि थोडं.” काकांनी मान डोलावली. सोमवारपासून, अर्थात.

तेवढ्यात लेकीने फुलांचं दुकान काढलं. नाव ‘पाकळी’. पाटी बाबांनीच रंगवायची, हे तिने शाळेत असतानाच ठरवलेलं. काकांनी फळीला निळा रंग दिला, काठीवर मनगट टेकवून ‘पाक’ लिहिलं आणि ‘ळ’पाशी गाडी अडली. ळ मोठं लबाड अक्षर. दोन गोल, मध्ये वळण, तेही ब्रश न उचलता. तिथे काठी कामाची नाही, मनगटच फिरायला हवं. तीनदा काढला, तीनदा पुसला. पाटी तशीच दुकानासमोर उभी राहिली आणि येणारे-जाणारे विचारू लागले, “स्वयंपाकाचे वर्ग का?”

लेक आधी हसली. मग हळूच म्हणाली, “बाबा, छापील पाटी दहा मिनिटांत मिळते. एक तारखेला उद्घाटन आहे.”

“तीन आठवडे आहेत अजून. नाहीच जमलं तर छाप.”

बोलून गेले, पण घरी आले ते तोंड एवढंसं करून. चाळीस वर्षं जगाच्या दुकानांची नावं लिहिली आणि लेकीच्याच दारात हात आखडावा?

“येत्या सोमवारपासून सराव...” त्यांनी सुरुवात केली.

“आज मंगळवार आहे,” बायको म्हणाली. “मंगळवारात ळ आहे, सोमवारात नाही. आजच काढा.”

काकांनी जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि एका बैठकीत शंभर ळ काढले. दुसऱ्या दिवशी मनगट पावासारखं फुगलं, कपसुद्धा धरवेना.

“डॉक्टर दोन गोष्टी म्हणाले होते. तुम्हाला एक ऐकू येते तेव्हा दुसरी येत नाही,” बायको म्हणाली. सूज उतरल्यावर तिने कायदा केला. सकाळी चहाआधी एक ळ. एकच. सरळ येवो, वाकडा येवो, आला की चहा.

पहिला बघून ती म्हणाली, “हा ळ नाही, चष्मा आहे. एक काच फुटलेला.” पुढचा झोपलेल्या मांजरासारखा निघाला. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ती नुसतीच बघत राहिली आणि चहात साखर जरा जास्त पडली.

आणि मग काकांना ताप भरला. चार दिवस अंथरुणात गेले. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ते उठून बसले आणि म्हणाले, “मोडलं की गं सगळं. आता सोमवारपासून नव्याने...”

“चार दिवस धड जेवला नाहीत. मग आता सोमवारपर्यंत उपाशी राहणार का?” तिने वर्तमानपत्र पुढे सरकवलं आणि कप मागे.

काकांनी ब्रश उचलला. ळ पुन्हा मांजरावर गेला, पण निघाला. गुरुवारी काही सुरू करण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

एकतीस तारखेला सकाळी, चहा न घेताच, ते दुकानापाशी गेले. लेक फळी धरून उभी राहिली. काकांनी श्वास रोखला. ब्रश फिरला, वळला, पुन्हा फिरला. मग वेलांटी.

“बाबा, डावा गोल जरा गुबगुबीत झालाय हं.”

“बापावर गेलाय.”

लेकीच्या मुठीत छपाईवाल्याच्या नंबराची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीनेच तिने खाली सांडलेला रंगाचा थेंब पुसला.

उद्घाटनाच्या सकाळी बायकोने चहा सरळ हातात दिला. “झाली ना पाटी? घ्या आता.”

काकांनी कप बाजूला ठेवला, वर्तमानपत्रावर एक ळ काढला आणि फडताळातली बासरी काढून खिडकीच्या कठड्यावर आपटली. कोळी घाईघाईने बाहेर पडला.

“आज वार कोणता गं?”

“शनिवार.”

“चालेल,” काका म्हणाले आणि फुंकर मारली.