केक की विमान

पाइप रेलिंगवर आदळला तेव्हा मी ऑफिसच्या पायरीवर उभा होतो. आधी आवाज आला, मग सगळं शांत झालं. साइट शांत झाली की सेफ्टी ऑफिसरने धावायचं असतं. मी धावलो.

खाली कुणी नव्हतं. क्रेनला लटकलेला पाइप वाऱ्याने फिरला होता आणि त्याने परांचीचं रेलिंग वाकवलं होतं. ओमानमधल्या या दुक्मचा वारा असाच आहे. समुद्रावरून येतो आणि वाळूसकट येतो. म्हणून उचललेल्या मालाला एक लांब दोरी बांधायची असते. खालून एक माणूस ती धरून ठेवतो, म्हणजे माल फिरत नाही. तिला टॅगलाइन म्हणतात. या पाइपला टॅगलाइन नव्हती.

माल हुकाला बांधणारा तो रिगर. आमचा रिगर राशिद, हर्णैचा. तो हातातले ग्लोव्हज काढून उभा होता. जणू आता ते परतच करायचे आहेत.

"कुणाला लागलं?"

"नाय भाऊ. अल्लाची मेहेरबानी." मग हळूच म्हणाला, "आता मला घरी धाडतील ना?"

आमच्या भाषेत अशा घटनेला नियर मिस म्हणतात. लागलं कुणालाच नाही, पण लागू शकलं असतं. नियर मिस सांगितला पाहिजे, त्यातूनच पुढचा अपघात टळतो. हे मी दर आठवड्याला कामगारांना सांगतो. ते माना डोलावतात आणि कधीच सांगत नाहीत. का सांगत नाहीत, ते राशिदच्या प्रश्नात होतं.

इथली रचना आधी सांगतो. काम एका डॅनिश कंपनीचं आहे. त्यांचे इंजिनियर डेन्मार्कहून आलेले. माणसं पुरवते दुसरी कंपनी, मस्कतच्या रुवी भागात ऑफिस असलेली. मी आणि राशिद त्या दुसऱ्या कंपनीचे. माझं टेबल मात्र डॅनिश लोकांच्या ऑफिसात आहे, कारण सेफ्टीच्या परमिटवर मी सही करतो. म्हणजे एसी त्यांचा, पगार यांचा.

त्या ऑफिसात बसून मी दोन वर्षं जळतोय. सरळच सांगतो.

पगारावरून मी जळत नाही. त्याचा राग येतो आणि रागाची मला लहानपणापासून सवय आहे. इचलकरंजीला आमच्या घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, वाचायला मी शिकलो ते त्यांवरच. जळतो ते वेगळ्याच गोष्टींवर. त्यांची प्रोजेक्ट मॅनेजर बेंटे, पन्नाशीची बाई. तिला सगळे नुसतं बेंटे म्हणतात, ड्रायव्हरसुद्धा. ती कॅम्पवरून ऑफिसला त्या वाऱ्यात सायकलवर येते आणि सायकल ऑफिसच्या भिंतीला टेकवून ठेवते. स्वतःचा कप स्वतः धुते. चार वाजले की म्हणते, "आजच्यासाठी थँक्स," आणि खरोखर निघून जाते. उशिरापर्यंत बसलेल्या माणसाला तिथे कुणी कामसू म्हणत नाही. "तुझं काम संपत नाही का? काही मदत हवी का?" असं काळजीने विचारतात.

आणि त्यांचं जेवण. दुपारी सगळे एकाच लांब टेबलावर बसतात. काळा आंबट पाव, ओल्या विटेइतका जड. त्यावर आधी मासा. आधी मासाच. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा अंडं आधी घेतलं, तर टेबलावर असे चेहरे झाले की जणू मी पंगतीत ताक आधी मागितलं. मासा गोड व्हिनेगरात मुरवलेला, कच्चा, आणि त्यावर पिवळा सॉस. मी चाखला आणि थांबलो. हळद! करी पावडर! आमची हळद त्या टेबलावर कधीच पोचली होती. आम्हाला मात्र फक्त गुरुवारी बोलावणं.

गुरुवारीच, कारण तो इथला आठवड्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांना पाव, चीज आणि केक. एकदा त्यांनी काळी चकती दिली, गोळीसारखी. तोंडात टाकली तर ज्येष्ठमध आणि नवसागर. लहानपणी कल्हईवाला दारात यायचा, तो वास थेट जिभेवर. मी थुंकली नाही. गिळली. त्यांना हसू आलं, पण त्या हसण्यात मी होतो, म्हणून तेही चाललं.

या केकची एक पद्धत आहे. वाढदिवसाला केक असतो, तसा चुकीलाही असतो. ज्याने काम बिघडवलं, त्याने सगळ्यांसाठी केक आणायचा. आधी उभं राहून काय चुकलं ते सांगायचं, मग केक कापायचा. खाऊन झालं की विषय संपला. पुन्हा कुणी तो काढत नाही.

राशिदच्या पाइपच्या आदल्याच आठवड्यात मिकेलचा केक झाला होता. मिकेल त्यांचा तरुण इंजिनियर. पाण्याच्या दाबाने लाइन तपासताना त्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. पाणी सुटलं, विजेचं एक पॅनल भिजलं. तिथे माणूस उभा असता तर मेला असता. मिकेलने कॅम्पच्या ओव्हनमध्ये दालचिनीचा केक भाजला, एका बाजूने करपलेला. "केकसुद्धा चुकला," असं तो म्हणाला, सगळे हसले आणि मीही दोन तुकडे खाल्ले. खाताना वाटत होतं, आपल्याकडे असं का नाही? गोड लागत होतं आणि मी जळत होतो.

आता राशिदचा पाइप.

तासाभरात सावंतसाहेब आले. पुरवठा कंपनीचे साइट मॅनेजर, कुडाळचे. पिकअपमधून उतरतानाच म्हणाले, "राशिदला उद्या मस्कतला धाडतोय. परवा विमानात. खलास."

"साहेब, चौकशी व्हायची आहे."

"कसली चौकशी? दोरी बांधली नाय, दिसतंय ना? क्लायंटला ॲक्शन दाखवायची असते, रोहन. आपण ॲक्शन दाखवली."

"दोरी का नाही बांधली, ते विचारलं का?"

"तू सेफ्टीवाला की त्याचा वकील?" ते हसले. "काय कॉम्रेड, पगार कोण देतो तुला?"

मिटिंग दुपारी झाली. बेंटे, मिकेल, सावंतसाहेब आणि मी. सावंतसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं की जबाबदार माणसाला काढलं आहे. बेंटेने मान हलवली. तिला ते आवडलेलं नव्हतं, पण तिने फक्त मान हलवली.

मी म्हणालो, "मग मिकेललाही त्याच विमानात बसवू या."

मिकेलने पेन खाली ठेवलं.

"मिकेलने केक आणला," बेंटे म्हणाली.

"मग राशिदलाही केक आणू दे."

सावंतसाहेब मोठ्याने हसले. बाकी कुणी हसलं नाही.

बेंटे शांतपणे म्हणाली, "रोहन, तो आमचा कर्मचारी नाही. दुसऱ्या कंपनीच्या निर्णयात मी हात घालू शकत नाही."

"तुमचा पाइप उचलताना तो तुमचा असतो. चुकला की दुसऱ्याचा?"

सावंतसाहेबांनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. मी पाय काढून घेतला. खरं तर मला भीती वाटत होती, राशिदच्या शेजारची सीट माझी असू शकत होती. पण दोन वर्षांची जळजळ घशाशी आली होती.

"एक सांगतो," मी म्हणालो. "तुमच्या माणसांचे नियर मिस दर महिन्याला येतात, केकसकट. आमच्या माणसांचा एकही आलेला नाही. माणसं आमची जास्त, काम जास्त धोक्याचं, आणि चुका शून्य? आम्ही देव आहोत का? आमच्याकडे चूक सांगणाऱ्याला विमान मिळतं, म्हणून कुणी सांगत नाही. आज राशिद गेला तर दोरी का नव्हती ते कुणालाच कळणार नाही. ते कळेपर्यंत क्रेनच्या एकाही परमिटवर मी सही करणार नाही."

हा अधिकार मला आहे. धोका वाटला तर साइटवरचा कुणीही काम थांबवू शकतो, असं मोठ्या बोर्डावर लिहिलेलं आहे. तोपर्यंत तो बोर्ड कुणी वापरलेला मी पाहिला नव्हता.

बेंटेने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "राशिदला बोलवा."

राशिद आला आणि दारातच उभा राहिला. बेंटेने खुर्ची दाखवली. तो सावंतसाहेबांकडे बघत खुर्चीच्या काठावर टेकला.

"मॅडम, मेरा मिस्टेक. सॉरी," एवढंच तो बोलला. कितीही विचारलं तरी एवढंच.

तेव्हा मिकेल बोलला. मी त्याच्यावर सगळ्यात जास्त जळत होतो, तोच बोलला. "राशिद, मी गेल्या आठवड्यात चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. ड्रॉइंग उलटं धरलं होतं. कुणाला विचारायची लाज वाटली. माणूस मेला असता." मी ते हिंदीत सांगितलं. गोरा साहेब स्वतःची चूक सांगतोय आणि रडत नाहीये, हे राशिदच्या डोक्यात बसत नव्हतं.

"खरंच?" त्याने मला मराठीत विचारलं.

"खरंच. मग त्याने केक खायला घातला."

राशिद खुर्चीत नीट सरकून बसला. म्हणाला, "सांगा त्यांना. दोऱ्या दोनच हायत. दोन्ही दुसऱ्या टीमकडं होत्या. थांबायला पायजे होतं, नाय थांबलो. ही माजी चूक. पण थांबलो की वरून आवाज येतो, यल्ला यल्ला, चला लवकर. म्हणून घाईत सगळेच दोरीशिवाय उचलतात. आज माजा पाइप फिरला, एवढंच."

वरून आवाज कुणाचा येतो, हे त्याने सांगितलं नाही. सावंतसाहेब एसीच्या रिमोटकडे बघत होते.

मी सगळं भाषांतर केलं, 'यल्ला'सकट. त्या शब्दाला भाषांतर लागलं नाही.

बेंटे सावंतसाहेबांना म्हणाली, "उद्यापर्यंत प्रत्येक क्रेनला दोन टॅगलाइन. आणि मला हा माणूस साइटवर हवा आहे. पुरवठादाराकडे असं मागणं मी मागू शकते, हे आता माझ्या लक्षात आलं." मग राशिदकडे वळली. "केक गुरुवारी."

राशिदने मला विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"

दुक्ममध्ये केक मिळतो, पण राशिदने विकतचा आणला नाही. मेसच्या आचाऱ्याला पटवून त्याने सांदण केलं. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, गूळ, आणि वाफ. मोठी स्टीलची परात घेऊन तो गुरुवारी ऑफिसात आला. केस तेल लावून चापून बसवलेले. उभा राहिला, चूक सांगितली, मी भाषांतर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त मान हलवली आणि प्लेटी पुढे केल्या.

मग सगळं टेबल सांदणावर तुटून पडलं. हे भाजलेलं नाही? वाफेवर? अंडं नाही? बेंटेने त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं. त्याने तिच्या पावावरच्या माशाचा वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, ये बांगडा नाही है, पर उसका कुछ लगता जरूर है." सगळे हसले. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी मिकेलने सांदणाला लोणी लावलं. राशिदने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. "नाय. असंच खायचं." आणि मिकेलने मुकाट्याने तसंच खाल्लं.

मी कॉफी मशीनपाशी कागदी प्लेट घेऊन उभा होतो. भांडलो मी. नोकरी पणाला लावली मी. दोन वर्षं नवसागर गिळला मी. आणि बेंटेशेजारची खुर्ची मिळाली राशिदला.

मिकेल माझ्यापाशी आला. "तुझा केक कधी?"

"माझी अजून चूक झालेली नाही."

"दोन वर्षांत एकही नाही?" त्याने बेंटेकडे पाहिलं.

बेंटे टेबलावरून म्हणाली, "रोहन, मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

ती गमतीत म्हणाली. अर्धं गमतीत.

पुढचं थोडक्यात. राशिद राहिला. टॅगलाइन आल्या. आमच्या माणसांचे नियर मिस हळूहळू येऊ लागले, आधी माझ्या कानात, मग उघड. सावंतसाहेब माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. "केकवर साइट चालत नाही," असं ते सगळ्यांना ऐकवत.

मग एका सकाळी त्यांनी पिकअप रिव्हर्स घेतली. मागे इशारा करायला माणूस उभा केल्याशिवाय रिव्हर्स घ्यायची नाही, हा त्यांचाच नियम. भिंतीला टेकवलेली बेंटेची सायकल चाकाखाली गेली. पापडासारखी झाली. बेंटे खिडकीत होती.

दहा मिनिटांत मला फोन.

"रोहन, अरे ऐक ना. ते राशिदचं ते, सांदण. कसं करतात रे?"

"साहेब, केक की विमान?"

साहेबांनी आवाज खाली घेतला.

"तू राशिदला सांग ना," ते म्हणाले. "मी कसा सांगू?"

"तुम्हीच सांगा. तो खालीच आहे."

त्यांनी सांगितलं. मी खिडकी उघडून पाहिलं. राशिदने सगळं ऐकून घेतलं, हेल्मेट मागे सरकवलं आणि म्हणाला, "करतो साहेब. नारळ तुम्ही खवायचा."

गुरुवारी सावंतसाहेब उभे राहिले आणि बोलले. आवाज बसला होता, पण बोलले. त्यानंतर आमच्या कंपनीने चुकीबद्दल कुणालाही विमानात बसवलेलं नाही. माझं मिटिंगमधलं भाषण चांगलं होतं, असं मला अजून वाटतं. पण नियम बदलला तो सायकलीने. नियम करणाऱ्याच्या चाकाखाली काहीतरी आलं की तो नियम लगेच वाचायला घेतो.

त्या दिवशी बेंटेच्या एका बाजूला राशिद बसला होता आणि दुसऱ्या बाजूला सावंतसाहेब. मी उभा होतो. सेफ्टी ऑफिसरने मुद्दाम चूक करायची नसते, हे मला ठाऊक आहे. गुरुवार आला की ते स्वतःला पुन्हा सांगावं लागतं.