लोखंडाला मज्जाव

रहिमतपूरच्या पुढं माळावर दोन खोल्या. एकीत यंत्र, दुसरीत मी. निर्वात नळीत थंड केलेले अणू खाली सोडायचे, ते कसे पडतात हे लेझरनं बघायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण मोजायचं, हे माझं काम. अणू फार नाजूक प्रकृतीचे. जवळ लोखंड आलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि आकडा चुकतो. म्हणून केसातली पिन, किल्ल्या, मोबाईल, सगळं दाराबाहेर. भेटायला कुणी येणारच नव्हतं, त्यामुळे नियम पाळणं सोपं होतं. आईवडील सांगलीजवळ शेतावर. आईचा रोज फोन, जेवलीस का? मी रोज हो म्हणायची.

माणसाचा आवाज म्हणजे झाडलोट करणाऱ्या मावशींचा. त्या माणदेशातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची, तेही घाईत.

प्रत्येक मोजमाप आम्ही दोनदा घेतो, दुसऱ्यांदा लेझरची दिशा उलटी करून. चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी बरीचशी चूक त्यात वजा होते आणि दोन आकड्यांतल्या फरकावरून ती किती होती तेही कळतं. एका सोमवारी हा फरक एकदम वाढला. महिनाभरात कारण शोधा, नाहीतर यंत्र दुसरीकडे हलवू, असा पुण्याहून वरिष्ठांचा निरोप आला. माझी दोन वर्षं पाण्यात जाणार होती. शेतपंपांच्या तारांवर संशय घेतला, नळीवरचं चुंबकरोधक वेष्टन तपासलं, शेवटी स्वतःवरही संशय घेऊन झाला. काही हाती लागेना.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना चुंबकमापक घेऊन जमिनीवर पालथी पडले. नळीच्या बरोबर खाली, यंत्राच्या बैठकीच्या फळीच्या सांदीत, फडक्यात गुंडाळलेला विळा!

"म्या ठिवला," मावशी म्हणाल्या. "बाळंतिणीच्या उशाला ठिवत्यात न्हवं? फोनवर जेवले म्हणता आन ताट कोरडंच. लय वाळलाय, ताई. ह्या खोलीत काय तरी हाय, ते तुमास्नी खातंय."

"मी काय बाळंतीण आहे? माझा महिना वाया घालवलात तुम्ही!" मी केवढ्यांदा तरी ओरडले. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि निघून गेल्या.

फरक पूर्ववत झाला. यंत्र राहिलं. ‘लोखंडी वस्तू आढळली, काढली’ असा अहवाल पाठवला, वरून शाबासकीही आली. मावशी मात्र आल्या नाहीत. तीन दिवस मी कुणाशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. खोली खायला उठली.

चौथ्या दिवशी विळा घेऊन त्यांच्या घरी गेले. दारात सून होती.

"गावला व्हय? एवढाच इळा हाय आमचा," ती म्हणाली. "महिनाभर आत्याबाई शेजारणीचा मागून गवत कापत्यात."

मावशी बाहेर आल्या, विळा घेतला, अंगठ्यानं धार बघितली.

"आता एकटीला भ्या वाटत न्हाई न्हवं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मावशींनी सुनेला ताट वाढायला सांगितलं.