चावीवाल्या मावशी

चर्च बंद करायच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, हात वर करा, असं सांगितलं तेव्हा चावीवाल्या मावशींनी एकदाही हात वर केला नाही. दाराजवळच्या बाकावर त्या मांडीवर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसून राहिल्या. निर्णय झाला. इथली मंडळी पुलापलीकडच्या मोठ्या चर्चच्या मंडळीत मिसळणार, इमारत विकणार. दोघीतिघींनी डोळ्यांना रुमाल लावले. मावशी उठल्या आणि एकेक पंखा बंद करत गेल्या.

"बघा, किती घट्ट मन आहे," कुणीतरी म्हणालं. घट्टबिट्ट काही नव्हतं. पंखे चालू राहिले होते, एवढंच त्यांना दिसत होतं.

ही मंडळी सुरू झाली ती एका शिंप्याच्या दुकानात. तेव्हा उपनगर नुकतं वसत होतं. शहरातल्या जुन्या चर्चला जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि पोचेपर्यंत उपदेश संपत आलेला असे. वैतागून शिंपी म्हणाला, "माझ्याकडेच बसा की! मशिनं भिंतीला लावू." मग दर रविवारी लोक कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून गीतं म्हणू लागले. शिंप्याला एक खोड होती. प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी तो समोरच्याच्या खांद्याची शिवण बघून घ्यायचा आणि नाक मुरडायचा. पहिले पाळक त्याच्या धाकाने कायम एकच कोट घालून येत, त्यानेच शिवलेला.

पुढे बस डेपोच्या मागे जागा मिळाली. ज्याला जे येतं ते त्याने करायचं, असं ठरलं. सुताराने बाक केले, शाळेतल्या बाईंनी खिडक्यांचे पडदे शिवून दिले, आणि मावशींच्या नवऱ्याने भिंती उचलल्या. तो गवंडी होता. कामावरून आला की संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तिथे राबायचा. रस्त्याकडची उंच त्रिकोणी भिंत, जिच्यावर क्रूस बसवायचा होता, ती त्याने दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

त्याच भिंतीवरून तो पडला. उभं राहायच्या परांचीची फळी एका बाजूने सुटली होती. लेक तेव्हा मावशींच्या कडेवर होती, अजून बोलतही नव्हती.

अंत्यविधीनंतर मंडळीचे वडीलधारे घरी आले. शिंपी सगळ्यांच्या मागे, चप्पल हातात धरून उभा होता.

"आम्ही ठरवलंय," त्यांच्यातला एकजण म्हणाला, "तुमची इच्छा नसेल तर ती जागा सोडून देऊ. दुसरीकडे बांधू."

"भिंत कितपत आलीये?" मावशींनी विचारलं.

"छातीएवढी व्हायची राहिलीये."

"मग पुरी करा. अर्धी कशाला ठेवायची?"

तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आतून बधिर झाल्यासारखं वाटत होतं, दात काढायच्या आधी हिरडी होते तसं. सगळे म्हणाले, धक्का आहे, ओसरेल. तो काही ओसरला नाही, पण त्याने काही अडलंही नाही. मंडळीने त्यांना चर्चमागच्या दोन खोल्या दिल्या, झाडलोट आणि कुलूपकिल्ली सोपवली. तिथेच लेक मोठी झाली. प्रभुभोजनाचे पेले मावशीच घासत. लग्नं झाली, बाप्तिस्मे झाले. बाक पुरेनात म्हणून बाजूला पडवी काढली, तीही भरली. मग डेपो हलला, गिरणी बंद पडली, तरुण कुटुंबं नव्या बांधकामांमागे दूर दूर गेली. पडवीत जुन्या खुर्च्या साचल्या. पावसात छत गळू लागलं की मावशी बादल्या मांडत, आणि पाळक गमतीने म्हणत, "आज बाप्तिस्म्याची सोय वरूनच झाली."

आताचे पाळक तरुण होते, मनाने चांगले. शेवटच्या उपासनेच्या आधी ते मावशींच्या खोलीत आले.

"आजी, रविवारी तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्याइतकं या वास्तूशी कुणाचं नातं आहे?"

"काय बोलू?"

"मनात येईल ते."

"मनात काही येत नाही हो," मावशी म्हणाल्या. "चहा घेता का?"

पाळकांनी चहा घेतला. रविवारी मावशी बोलल्या नाहीत, आणि कुणी आग्रहही धरला नाही.

इमारत एका गोदामवाल्याने घेतली. त्याला उतरतं छप्पर नको होतं, सपाट गच्ची हवी होती. त्यामुळे रस्त्याकडची भिंत वरून उतरवायची ठरली. लेकीने आईला आपल्या घरी नेलं होतं. "त्या दिवशी तिकडे जायचं नाही हं आई," तिने बजावलं. मावशी हो म्हणाल्या आणि बस पकडून गेल्या.

दोन मजूर वर चढले होते. विटा एकेक करून निघत होत्या, चुन्याचा पांढरा भुगा खाली येत होता. मावशी समोरच्या दुकानाच्या सावलीत उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांना काहीच वाटलं नाही. मग त्या रस्ता ओलांडून थेट भिंतीखाली गेल्या.

"ए बाबा! फळी दोन्हीकडून बांधलीस का?"

"बांधलीये आजी. बाजूला व्हा, वीट पडेल."

"दाखव."

वरच्याने चेष्टेने दोर हलवून दाखवला. मावशींचं समाधान झालं नाही. "दुसरी बाजू," त्या ओरडल्या. त्यांचा आवाज इतका चढला की दुकानदार बाहेर आला. मजुराने मुकाट्याने पलीकडे सरकून दुसरी गाठही ओढून दाखवली. मग मावशी सावलीत परतल्या. दुकानदाराने स्टूल दिलं, दोघे मजूर खाली उतरेपर्यंत त्या त्यावर बसल्या. भिंत छातीएवढी कमी झाली होती.

पुढच्या रविवारी लेक त्यांना पुलापलीकडच्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथल्या पाळकबाई व्यासपीठावरून म्हणाल्या, "आज नव्याने आलेल्यांनी कृपया उभं राहावं." मावशी उभ्या राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "बसा" म्हटलं, तशा त्या बसल्या.

परतताना लेकीने विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं आहे. आवाज मागेपर्यंत येतो."

"पुढच्या रविवारी येशील?"

"येईन की," मावशी म्हणाल्या आणि बसच्या खिडकीची काच सरकते का ते बघू लागल्या.