मागच्या सीटवरचं गाणं

शहापूरच्या एसटी स्टँडवरून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पंक्चरवाल्या अमितच्या टपरीला लागून शकू मेंगाळचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आलं की दारातून आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" शकू हातातलं काम खाली ठेवत नाही. "मिस्त्री इथंच हाय. गाडीला काय झालंय ता बोला."

धसईजवळच्या ठाकूरवाडीत ती जन्मली. घरात वीज आली तेव्हा ती सातवीत होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं बटण उघडून पाहिलं होतं. पुढे आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलं. वर्गात मुलगी ती एकटीच. लोकांना वाटलं, पोरगी कुठेतरी पंखे दुरुस्त करील. ती गाड्यांकडे वळली. आधी सेल्फ आणि डायनामो, मग हॉर्न, मग टेप. बारा वर्षांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या शेकडो जीप, पिकअप आणि टेम्पोंना तिनं गाणं लावून दिलं. हळदीच्या दिवसांत तर तिच्या दारात गाड्यांची रांग लागते. "शकूताईचा बूफर म्हंजे छातीत वाजतो," असं पोरं म्हणतात, आणि ते ऐकलं की ती मान खाली घालून हसते.

काम पुरं झालं की तपासायची तिची एक रीत ठरलेली आहे. गाडीचे सगळे दरवाजे उघडायचे, डिकी उघडायची, गाणं लावायचं आणि पाठ करून दहा पावलांवरच्या जांभळाच्या झाडाखाली जायचं. तिथं डोळे मिटून उभं राहायचं. पायाखालची माती थरथरली की काम पास.

अशा या शकूकडे एका सोमवारी धसईचे अनंता वेखंडे आपली फियाट घेऊन आले. अडुसष्ट सालची, सायीच्या रंगाची, बापाच्या वेळची गाडी. काकांनी भाताची गिरणी मुलाच्या ताब्यात दिली त्याला सहा वर्षं झाली, पण गाडीची किल्ली अजून कुणाच्या हाती दिली नव्हती. रोज सकाळी ते तिला पुसत. त्यांची बायको, हौसाकाकी, म्हणत, "मला कधी येवढ्या मायेनं विचारलं नाय."

काका गाडीतून उतरले तेच घाईत. "शकू, रविवारच्या आत गाडीत गाणं पायजे."

"काका, येवढी घाई? लगीन हाय काय घरात?"

"गाडी चालली गो इकाया!" काकांनी टोपी काढून हातात धरली. "आमच्या पुतण्यानं, प्रणयनं नाशकातनं गिऱ्हाईक धाडलंय. रविवारी अकराला येतोय तो. हौसानं ठरवलंय. म्हणती, तुमच्या डब्यात बसलं का दोन तास नुसती खडखड. घरी रेडिओ हाय, निवांत गाणं ऐकीन, तुमच्यासंगं कशाला येऊ?"

"मंग तुमी काय बोल्लात?"

"मी बोल्लो, गाडीत गाणं लावतो. तवा कुठं ऐकली. पण अट घातली. मागच्या शीटवर बसून गाण्यातला शब्द न् शब्द कळला पायजे. कळला तर गाडी ऱ्हाईल. नायतर रविवारी जाईल."

हौसाकाकी मागेच का बसतात, हे धसईत कुणी विचारत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा पुढे सासूबाई बसत. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली तरी काकींना मागचीच जागा आपली वाटते.

"आणि एक," काका गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "पत्र्याला भोक पाडायचं नाय. बापाची गाडी हाय."

शकूनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं, डिकीत डोकं घातलं, मागच्या काचेखालची फळी बोटानं वाजवून पाहिली. तिचे डोळे चमकायला लागले होते. अशी गाडी तिच्या हाताखाली कधी आलीच नव्हती. "काका, तुमी बसनं घरी जा," ती म्हणाली, "आणि गुरुवारी या. आख्खं शहापूर ऐकंल!"

तीन दिवस तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही. डॅशबोर्डवरचा जुना रेडिओ बंद पडलेला होता. तो तिनं जागचा हलवला नाही, नवा टेप खालच्या कप्प्यात लपवला. मागच्या फळीवर दोन मोठे स्पीकर, डिकीत लाकडी पेटीतला बूफर, पुढच्या सीटखाली अँप्लिफायर. एकही भोक नाही. सगळं पट्ट्यांवर आणि जुन्या स्क्रूंवर.

गुरुवारी काका आले. शकूनं दरवाजे उघडले, डिकी उघडली, हळदीचं एक दणदणीत गाणं लावलं आणि जांभळाखाली जाऊन उभी राहिली. माती थरथरली. अमित हातातली ट्यूब गरगर फिरवत नाचायला लागला. समोरचा वडापाववाला झारा घेऊन बाहेर आला. एसटीची वाट पाहणाऱ्या दोन बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि टाळ्या धरल्या. काकासुद्धा धोतराचा सोगा धरून एक गिरकी मारते झाले.

"पास!" शकू ओरडली. काका हॉर्न वाजवत धसईला गेले.

शुक्रवारी सकाळी गाडी परत दुकानासमोर उभी राहिली. काका उतरले नाहीत. मागचं दार उघडलं आणि आतून हौसाकाकींचा आवाज आला.

"ये गो पोरी. बस हितं माझ्या बाजूला."

शकू हात पुसत आत बसली. काकींनी दार ओढून घेतलं, काच वर केली आणि पदर सावरून काकांना म्हणाल्या, "चालवा. आणि लावा तुमचा तो ढोल."

गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली. काकांनी गाणं लावलं. पाठीमागून कुणीतरी गोणी आपटल्यासारखा दणका बसला. मग दुसरा. दाराचा पत्रा थडथडला, काचा झणझणल्या, छताचं कापड फडफडलं. दणक्यांच्या मधून कुणीतरी लांब विहिरीत बोलल्यासारखं गात होतं. त्याच्यावर डायनामोची एक बारीक कुंई, गाडीचा वेग वाढला की तीही वाढायची.

"माझी कवळी हालली गो," काकी मोठ्यानं म्हणाल्या. "ह्यात गाणं कुठाय ता दाखव मला!"

शकू पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसली होती आणि तिच्या लक्षात एक गोष्ट येत होती. बारा वर्षांत शेकडो गाड्यांना तिनं गाणं लावलं, पण काच बंद करून, चालत्या गाडीत, मागच्या सीटवर बसून ती एकदाही ऐकायला बसली नव्हती. बसायचं कारणच नव्हतं. तिच्या गिऱ्हाइकांना गाणं अंगणासाठी हवं असायचं. गाडी मांडवाजवळ लावायची, दारं उघडायची आणि वाडीभर नाचायचं. काकांच्या फियाटमध्येही तिनं गाणं अंगणासाठीच लावलं होतं. काकींना मात्र ते आतून ऐकायचं होतं.

"काकी," ती म्हणाली, "चूक माझी हाय. मी बाहीर उभी ऱ्हाऊन गाणं लावलं."

"बाहीर उभं ऱ्हाऊन कुणी पिठलं चाखतं काय?" काकी म्हणाल्या. पण शकूनं चूक लगेच कबूल केली हे त्यांना आवडलेलं दिसलं, कारण आवाज जरा खाली आला. "रविवारचं गिऱ्हाईक मी नाय परतवायची, आधीच सांगते."

"नका परतवू. रविवारी सकाळी एकदा बसा फकस्त."

शुक्रवार दुपार आणि शनिवार, एवढेच हातात होते. काका-काकी एसटीनं घरी गेले. शकूनं पहिलं काम काय केलं असेल, तर बूफर काढला.

"शकूताय!" अमित धावत आला. "बूफर काढतेस? गाडीचं काळीज काढतेस तू!"

"काळीज नाय, ढेकर हाय तो. धर पेटी."

मागचे मोठे स्पीकरही निघाले. त्यांच्या जागी लहान बसले, आणि तेही अगदी हळू. मुख्य आवाज पुढून यायला हवा, माणूस समोर बसून गातो तसा. तिनं डॅशबोर्डखाली दोन्ही कोपऱ्यांत लाकडी फळ्या बसवल्या, त्यांवर लहान स्पीकर, तोंड वर आणि जरा मागे कललेलं. दारांचे आतले पुठ्ठे उतरवले आणि पत्र्याला घोंगडीचे तुकडे चिकटवले. थडथड अर्धी तिथंच मेली. मग कुंई. अडुसष्ट सालच्या डायनामोकडून थोडंच मागायचं असतं, हे डायनामो दुरुस्त करत आलेल्या शकूला ठाऊक होतं. तिनंच भलता मोठा अँप्लिफायर लावला होता. तो काढून लहान लावला, त्याची अर्थिंगची वायर बॉडीवरून सोडवून थेट बॅटरीपर्यंत नेली, डायनामोवर कुंई दाबणारा नवा कंडेन्सर बसवला.

आता तपासायचं कशानं? हळदीच्या गाण्यात शब्द असतात तरी किती. शकूनं मोबाइल काढून टेपला जोडला. त्यात तिच्या आत्याचे, जिवलीचे ढवळे होते. जिवलीआत्या वाडीतली ढवळेरी. लग्नात मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तीच गाते. आता तिच्या तोंडात चारच दात उरलेत.

"आत्याचा शब्द गाडीत कळला ना," शकू म्हणाली, "तर मंग कुणाचाबी कळंल. अमित, तू गाडी चालव."

"आणि दुकान?"

"तुझ्या टपरीला कोण उचलून नेतंय?"

अमित गाडी चालवत होता आणि शकू मागच्या सीटवर मांडी घालून, मांडीवर पाने आणि पेचकस घेऊन. किन्हवलीच्या दिशेनं चार किलोमीटर जायचं, थांबायचं, एक स्क्रू पिळायचा, पुन्हा यायचं. पहिल्या फेरीत अमित म्हणाला, "आत्या रागावलीय का रडतीय, तेच कळंना." तिसऱ्या फेरीत, "कुठंतरी लाकडं आणाय गेलेत, येवढं समजलं." शकूनं डावा स्पीकर बोटभर फिरवला. सहाव्या फेरीत अमितनं मान हलवायला सुरुवात केली, आणि आठव्या फेरीत त्यानं एकदम ब्रेक मारला.

"उंबराच्या मेढी! पाच मामांनी आणल्या उंबराच्या मेढी, आणि नवरीचा बाप त्यांना पाणी द्यायला इसरला! शकूताय, मला सगळं कळतंय!"

"ओरडू नको!" शकू स्वतःच ओरडली. तिनं अमितच्या पाठीवर असा दणका मारला की हॉर्न वाजला.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं काका आले. शकूही त्यांच्यासोबत धसईला निघाली, पुढच्या सीटवर, मोबाइल हातात धरून. हौसाकाकी नेसून सवरून पायरीवर तयार होत्या. त्या मागे बसल्या, दार ओढलं, काच वर केली आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ.

सरळगावला मुख्य रस्त्याला लागून काकांनी टोकावड्याकडे गाडी घेतली. शकूनं काकींच्या आवडीचं एक भजन लावलं. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. भजन संपलं. काकांनी आरशात पाहिलं, मग शकूकडे पाहिलं. शकूनं टेपचं बटण उगाच चाचपलं. एवढं सुरेख उतरलं होतं, आणि काकी तर काहीच बोलत नव्हत्या! पुढचं गाणं कुठलं लावावं याचा विचार करेपर्यंत मोबाइलवर आपोआप जिवलीआत्या सुरू झाली. शकू बंद करायला गेली.

"ऱ्हाऊ दे," मागून आवाज आला. "कोण ही?"

"माझी आत्या. वाडीतली ढवळेरी."

काकी पुढे सरकल्या. पुढच्या सीटच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं.

"चुकली," काकी म्हणाल्या.

शकू गर्रकन मागे वळली. "कुठं? डावीकडं? आवाज चिरतोय?"

"आवाज कुठं चिरतोय? आवाज ब्येस हाय. तुझी आत्या चुकली. हळद दळायच्या आधी जात्याची पूजा गातात. हिनं जात्याला सोडून थेट हळद घेतली. आमच्यात असं नाय चालत."

"आमच्यात चालतं काकी. आमच्या वाडीत जातं सांजचं पुजतात."

"सांजचं? कायतरीच!"

काकांना आता राहवलं नाही. "अगो हौसा, म्हंजे तुला शब्द कळतात?"

"कळल्याबिगर चूक काढीन काय? तुमी म्होरं बघा, खड्डा हाय."

काकांनी खड्डा चुकवला, आणि पुढचे तीन जे नव्हते तेही चुकवले. गाडी रस्त्यावर नागमोडी गेली. शकू सीटवर उड्या मारत होती आणि हसू दाबत होती, आणि ते दाबलं जात नव्हतं.

टोकावडं मागे पडलं तेव्हा काकींच्या पिशवीतला फोन वाजला. नाशिकचं गिऱ्हाईक वेळेआधीच धसईत घरासमोर येऊन उभं होतं. काकींनी फोन कानाला लावला.

"हां, बोला. नाय, गाडी घरी नाय. आमी गाडीत हाव. नाय नाय, इकायची नाय आता... काय? ऐकाय येत नाय? मलाबी तुमचं काय कळत नाय. तुमच्या गाडीतला तो बूफर बंद करा आधी, मंग बोला!" त्यांनी फोन पिशवीत टाकला. "माणूस भला असंल. पण त्याच्या गाडीत बसणार नाय कुणी बायको."

"मंग फिरवू काय घराकडं?" काकांनी विचारलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"घरी काय हाय? घाटाकडं चला." काकी मागे टेकल्या आणि पाय लांब केले.

रस्ता चढायला लागला. इंजिनानं सूर बदलला, आणि त्या बदललेल्या सुरात शकूला उजव्या दाराच्या आत कुठेतरी एक बारीक टिकटिक ऐकू आली. एखादा स्क्रू सैल राहिला असावा. तिनं वाकून दाराला कान लावला आणि हात पिशवीतल्या पेचकसाकडे गेला.

"काका, जरा बाजूला घेता? दोन मिंटं..."

मागून काकींनी तिच्या दंडाला धरून तिला सीटवर नीट बसवलं. "ऱ्हाऊ दे ता उद्या. आत्या काय म्हणते, ता ऐक आता."