धडधाकट पायाची पट्टी

विनेश म्हात्रेला व्यायाम शिकवणं म्हणजे खाडीला भरती शिकवणं, असं आमच्या खारेपाटात म्हणत. पहाटे बांधावरून धाव, मग जोर-बैठका, संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर सराव. पस्तिशी आली तरी पोटावर चिमटीत धरायला मांस नाही. गावच्या कबड्डी संघाचा तो पहिला चढाईपटू. त्यामुळे त्याची धाकटी बहीण किशोरी त्याला ‘पिलाटेसला ये’ म्हणाली, तेव्हा मंडळाच्या ओट्यावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

किशोरी अलिबागजवळ, मुंबईकरांच्या बंगल्यांमध्ये निघालेल्या एका स्टुडिओत हा यंत्रावरचा व्यायाम शिकवते. तिथल्या यंत्राला रिफॉर्मर म्हणतात. चौकटीत रुळांवर सरकणारी गादी, तिला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि पायाने रेटायला एक दांडी. गावाने त्याचं बारसं केलं, ‘सरकती खाट’.

“आजारी मानूस खाटंवर जातो,” कोंडाजीकाका म्हणाले, “आन यो आमचा पठ्ठ्या धडधाकट जाऊन झोपनार!” कोंडाजीकाकांनी विनेशला लहानपणापासून खेळ शिकवलेला, तेव्हा चेष्टेचा पहिला मान त्यांचाच.

विनेशही हसला. पण गेला. कारण गेल्या मोसमापासून त्याचा उजवा गुडघा वळताना आतल्या आत सटकत होता. पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढून आण म्हटलं, तो काही गेला नाही. खेळाडू म्हणून एका कंपनीत लागलेली त्याची नोकरी कंत्राटी होती. यंदा जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर कायम करू, असं साहेबांनी सांगितलेलं. माणगावच्या स्पर्धेतून तो संघ निवडायचा होता. अशा वेळी दुखऱ्या गुडघ्याचा डॉक्टरी कागद कोण फिरवणार? आयुष्यभर मातीत लोळून शेवटी गेटवर पहारा करायची पाळी येते, हे त्याने भल्या भल्या खेळाडूंचं पाहिलं होतं. त्याला त्याची भीती वाटायची, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

आता इथली एक रीत सांगायला हवी. दुखऱ्या पायाला पट्टी बांधून मैदानात उतरणं म्हणजे समोरच्या पकडणाऱ्याला आवतण देणं. तो बरोबर तोच पाय धरतो. म्हणून आमच्याकडे पट्टी बांधतात ती चांगल्या पायाला. ही हुशारी सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, तरी पट्टी दिसली की हात तिकडेच जातो. विनेश पूर्ण मोसम डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून खेळला होता.

पहिल्या दिवशी किशोरीने त्याला गादीवर झोपवलं.

“खरा सांगू, दादा? तुझी ताकद काय याच्यानी वाढायची नाय. ती तुझ्याकडं मापाच्या भाईर हाय. पन तुझा एक पाय दुसऱ्याचा काम चोरून करतो का, ता इथं कलतं. फिट मानसाला याचा तेवढाच उपयोग. आता सांग, कनचा गुडघा दुखतो?”

किशोरीचं सासर खाडीपलीकडचं. तिचा नवरा प्रणय तिकडच्या संघात कोपऱ्यात उभा राहायचा, आणि घोटा धरावा तर प्रणयनेच, असं त्याचं नाव होतं. बहीण आपली, पण ताट त्यांच्या घरात. तिच्या तोंडून काही निसटलं तर?

“डावा,” विनेश म्हणाला.

एकेका पायाने दांडी रेटायची वेळ आली, तेव्हा डाव्याने गादी निवांत सरकली. उजव्याने रेटताना मांडी अशी थरथरली की रूळ खडखडले.

“अरे, उजवाच लटपटतो की!”

“डाव्याचा भार इतकं दिवस त्यानीच उचलला ना,” विनेश पटकन म्हणाला. “दमलाय तो.”

थाप इतकी चपखल बसली की किशोरीला पटली. सख्खा भाऊ आपल्याशी कशाला खोटं बोलेल? डाव्या पायाला ती जपायला लागली, हलक्या स्प्रिंगा, हळू हालचाल. आणि दमलेल्या उजव्याला बळ यावं म्हणून त्याला भारी स्प्रिंगा. विनेश दात खाऊन रेटायचा. परतताना मासळीबाजारातून बर्फ घ्यायचा आणि मोटरसायकल बांधाला लावून गुडघ्यावर धरून बसायचा. यंत्राने त्याची कंबर मात्र मोकळी केली. चढाईत तो पूर्वीपेक्षा सहज वाकू लागला, झटकन फिरू लागला. त्यामुळे आज सांगू, उद्या सांगू करत मोसम तोंडावर आला.

माणगावला उपांत्य सामन्यात आमच्या गावाची गाठ पडली ती खाडीपलीकडच्यांशीच. विनेशने डाव्या गुडघ्याला नवी कोरी पट्टी बांधली. पहिल्या चढायांत त्याने दोघांना हात लावून बाद केलं. निवड समितीची माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. कोंडाजीकाका ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात अजून ओरडत होते.

मग प्रणय कोपऱ्यातून आला. पट्टीवाला पाय त्याच्या हाताजवळ होता, समोरच होता. तो सोडून त्याने अंग पुढे टाकलं आणि उजवा घोटा धरला. विनेश मध्यरेषेकडे फिरला. पाऊल प्रणयच्या हातात राहिलं आणि गुडघा फिरला. कडकन आवाज झाला तो पंचांनाही ऐकू गेला. शिट्टी वाजायच्या आत प्रणयने हात सोडला होता, पण त्याचा आता उपयोग नव्हता.

दवाखान्यात विनेशच्या उजव्या गुडघ्याचा कलिंगडाएवढा गोळा झाला होता. डाव्याची पट्टी कुणी सोडलीच नव्हती. प्रणय भिंतीला टेकून उभा होता, अंगावर मैदानातली माती तशीच.

“दादा, मी पट्टी बघून खेललो नाय,” तो म्हणाला. “पट्टीचा काय, सगलेच बांधतात. पन किशोरीनी मना देवाची शपथ घातलेली. दादाचा डावा खरोखरच गेलेला हाय, मशीनवर मी सवता बघते, त्याला हात लावू नको, बोलली. म्हनून मी चांगला पाय धरला.”

विनेशने डोळे मिटून घेतले. बहिणीच्या तोंडून निसटेल अशी त्याला भीती होती. निसटलं होतं खरं, पण ते त्याला वाचवण्यासाठी.

किशोरी खाटेशी आली. तिने डाव्या पायाची पट्टी हळूहळू सोडली. खाली गुडघा छान होता, कुठे ओरखडासुद्धा नाही. तिने एकदा त्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा उजव्याकडे.

“मना पन, दादा?” एवढंच ती म्हणाली. विनेश लहान मुलासारखा रडला. ती रडली नाही.

कंपनीने कंत्राट पुढे वाढवलं नाही. गावात बोभाटा झाला की त्या सरकत्या खाटेनंच पोराचा पाय घालवला, धडधाकट माणसाने असले चाळे करूच नयेत. किशोरी माहेरी आली की बायका तिच्याकडे बघून कुजबुजू लागल्या. विनेश कुबड्या घेऊन मंडळाच्या ओट्यावर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मी खोटा बोललो. चुकी माजी हाय, तिची नाय.” लोकांनी माना डोलावल्या. तो वळल्यावर कोंडाजीकाका म्हणाले, “बहिनीला वाचवतोय बिचारा. पोर गुनाचा.”

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पुन्हा चालतं व्हायला व्यायाम सांगितले. किशोरीने त्याला त्याच यंत्रावर घेतलं, सगळ्यात हलकी एकच स्प्रिंग लावून. गादी थोडी सरकली आणि विनेश कळवळला.

“बाय, उजवा दुखतोय.”

“थांब,” किशोरी म्हणाली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खाली बसली आणि आधी डावा गुडघा चाचपला, मग उजवा.